मनोरा, माड, पाखरे आणि माणसे : विद्युतचुंबकीय प्रारणाचा सजीवांवर नेमका काय परिणाम होतो?

कुळागरकार, काणकोण

सर्वांस सप्रेम नमस्कार.

आमचा गाव काणकोण तालुक्याच्या डोंगराकडच्या भागात आहे. गावात मोबाइलचा मनोरा उभारण्याचा प्रस्ताव पंचायतीपुढे आला असून येत्या ग्रामसभेत त्यावर चर्चा होणार आहे. टाळेबंदीच्या काळात आमच्याकडील मुलांना ऑनलाइन वर्गासाठी माळावर, जिथे थोडेफार नेटवर्क मिळे अशा ठिकाणी, जाऊन बसावे लागले होते. त्यामुळे त्या मुलांच्या पालकांना मनोरा हवा आहे, आणि रात्री-अपरात्री रुग्णवाहिका बोलावण्याची वेळ ज्यांच्यावर आलेली आहे त्यांनाही तो हवा आहे. मात्र नियोजित जागा आमच्या कुळागराच्या (माड-पोफळींच्या बागेच्या) वरच्या अंगाला, वस्तीपासून फार लांब नसलेल्या ठिकाणी आहे, आणि गावातील अनेकांचा तिला ठाम विरोध आहे.

विरोध करणाऱ्यांनी एक पत्रक वाटले आहे. मनोऱ्याच्या किरणोत्सर्गाने माडांची बोंडे गळतात, चिमण्या आणि मधमाश्या नाहीशा होतात, गर्भवती स्त्रियांना अपाय होतो आणि कर्करोग वाढतो, असे त्यात म्हटले आहे. याउलट कंपनीकडून आलेल्या गृहस्थांनी ‘काहीही होत नाही’ एवढेच सांगून विषय संपवला. मला या दोन्हींपैकी कशानेच समाधान लाभलेले नाही. माझ्या घरात लहान नातवंडे आहेत, बागेत मधमाश्यांच्या पेट्या आहेत, आणि माड-पोफळींवरच आमचा चरितार्थ चालतो. म्हणून भीती दाखवणारे किंवा धीर देणारे उत्तर मला नको आहे. जे खरोखर ठाऊक झालेले आहे ते समजून घ्यायचे आहे. या विषयाचा अभ्यास असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त भौतिकी अध्यापक, म्हापसा

आपण प्रश्न फार नीट मांडला आहे. ‘किरणोत्सर्ग’ या एकाच शब्दाखाली अतिशय भिन्न गोष्टी एकत्र कोंबल्या जातात आणि तिथूनच गोंधळाला सुरुवात होते, म्हणून आधी त्या वेगळ्या करू.

रेडिओ लहरी, सूक्ष्मलहरी, अवरक्त किरण, दृश्य प्रकाश, अतिनील किरण, क्ष-किरण आणि गॅमा किरण ही सर्व विद्युतचुंबकीय प्रारणाचीच रूपे आहेत. त्यांच्यातील भेद वारंवारतेचा आहे, आणि वारंवारता जितकी अधिक तितकी त्या प्रारणाच्या प्रत्येक फोटॉनची, म्हणजे ऊर्जेच्या सुट्या पुडक्याची, ऊर्जा अधिक असते. सजीवांच्या शरीरातील रेणूंचे सहसंयुजी बंध, म्हणजे अणूंना एकत्र धरून ठेवणारे रासायनिक बंध, तोडण्यासाठी साधारणपणे ३ ते ५ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जा लागते, आणि अणूतून इलेक्ट्रॉन उपटून काढायचा, म्हणजे आयनीभवन घडवायचे, तर साधारण १० इलेक्ट्रॉनव्होल्ट किंवा त्याहून अधिक. क्ष-किरणांच्या एका फोटॉनमध्ये ही ऊर्जा शेकडो-हजारो पटींनी असते. ३०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणाच्या फोटॉनमध्ये ती सुमारे ४ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. असा फोटॉन आयनीभवन करीत नसला, तरी डीएनएच्या साखळीतील शेजारशेजारच्या थायमिन घटकांना एकमेकांशी चुकीच्या रीतीने जोडून टाकण्यास तो पुरेसा असतो. आता १८०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल लहरीकडे पाहा. तिच्या एका फोटॉनची ऊर्जा एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या लाखाव्या भागाहूनही कमी भरते. आपल्या शरीराच्या तापमानामुळे रेणूंची जी अखंड धडपड चाललेली असते, तिचीच ऊर्जा सुमारे ०.०२७ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, म्हणजे त्या फोटॉनच्या साडेतीन हजार पटींहून अधिक.

यावर विद्यार्थी नेहमी विचारीत की एक फोटॉन दुबळा असला तरी असे अब्जावधी फोटॉन एकदम आले तर ते बंध तोडणार नाहीत काय. हजार माणसांनी कंबरेइतक्या उंच उड्या मारल्या म्हणून माडावरचा नारळ कोणाच्या हाती लागत नाही, तसेच हे आहे. फोटॉनची संख्या वाढली की उष्णता वाढते, बंध मात्र तुटत नाहीत. ही उष्णता काल्पनिक नसते. सूक्ष्मलहरींच्या शेगडीत २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी अन्न शिजवतात ते याच मार्गाने, आणि तीव्र सूक्ष्मलहरींमुळे प्राण्यांमध्ये मोतीबिंदू होतो हेही प्रयोगांत दिसलेले आहे, कारण डोळ्यातील भिंगाला रक्तपुरवठा नसल्याने तिथली उष्णता वाहून नेली जात नाही. सुरक्षिततेच्या मर्यादा याच परिणामावरून ठरवल्या गेल्या. संपूर्ण शरीरात दर किलोग्रॅममागे सुमारे ४ वॅट ऊर्जा शोषली गेली की प्राण्यांच्या शरीराचे तापमान जवळपास एक अंशाने वाढते आणि त्यांचे वर्तन बदलू लागते, असे आढळल्यावर सर्वसामान्य जनतेसाठी त्याच्या पन्नासाव्या हिश्श्याची, म्हणजे ०.०८ वॅटची, मर्यादा आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वीकारण्यात आली.

मनोऱ्याच्या संदर्भात ही मर्यादा दर चौरस मीटरमागे किती वॅट, अशा स्वरूपात मोजली जाते. ९०० मेगाहर्ट्झसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा ४.५ वॅट आहे, आणि भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून ती एक दशांशावर, म्हणजे ०.४५ वॅटवर, आणली. प्रत्यक्षात किती प्रारण पोहोचते याचा अंदाज आपणही कागदावर करू शकतो. अँटेनाला २० वॅट शक्ती दिली आहे आणि मुख्य झोताच्या दिशेने ती ५० पटींनी एकवटली आहे असे मानले, तर झोताच्या अगदी मध्यावर १०० मीटर अंतरावर दर चौरस मीटरला सुमारे ०.००८ वॅट मिळतात. एकाच मनोऱ्यावर अनेक कंपन्यांची यंत्रणा बसवली आणि ही संख्या दहापट केली, तरी ती त्या कडक मर्यादेच्या बरीच खाली राहते. अंतर दुप्पट झाले की तीव्रता एक चतुर्थांश होते. शिवाय झोत जवळजवळ आडवा आणि किंचित खाली झुकवलेला असल्यामुळे मनोऱ्याच्या थेट पायथ्याशी तो फारसा पोहोचत नाही. म्हणून ‘मनोऱ्याखालचे घर सर्वांत धोक्यात’ हा सर्वसाधारण समज उलटा आहे. खरोखर जपायचे ते अँटेनाच्याच उंचीवर आणि तिच्या अगदी समोर, थोड्या मीटरांच्या अंतरावर असणाऱ्या गच्चीला किंवा खिडकीला. आपल्या गावातील उतारावरची घरे अशा ठिकाणी येत आहेत काय, हे मात्र अवश्य पाहावे.

आणखी एक गोष्ट सांगणे मला महत्त्वाचे वाटते. हातातील मोबाइल आपली शक्ती नेटवर्कच्या अंतरानुसार कमी-जास्त करीत असतो. नेटवर्क क्षीण असेल तर तो आपल्या कमाल शक्तीने, आजच्या फोनमध्ये सुमारे ०.२ वॅटने, लहरी सोडतो, आणि तो असतो कानाशी, डोक्यापासून एखाद्या सेंटिमीटरवर. मनोरा दूर ठेवल्याने गावकऱ्यांच्या शरीरात शोषली जाणारी ऊर्जा कमी होते असे गृहीत धरता येत नाही, कारण फोन वापरणाऱ्यांच्या बाबतीत ती बहुधा वाढते.

वैद्यकीय व्यवसायी, फोंडा

अध्यापक महोदयांनी भौतिकीची बाजू स्पष्ट केली आहे. मी रोगांविषयी लिहितो.

पत्रकात कर्करोगाचा उल्लेख आहे, त्याचा आधार बहुधा २०११ सालच्या वर्गीकरणात असावा. त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओ लहरींना ‘२ ब’ गटात, म्हणजे ‘मानवात कर्करोगास कदाचित कारणीभूत’ या गटात, घातले. पुरावा मर्यादित आहे, शंका पूर्णपणे दूर करता येत नाही, इतकाच त्या गटाचा अर्थ. या वर्गीकरणात धोका किती मोठा आहे हे सांगितलेलेच नसते, केवळ पुरावा किती भक्कम आहे हे सांगितलेले असते. त्याच संस्थेने सूर्यप्रकाश आणि अतिनील किरण यांना गट १ मध्ये, म्हणजे कर्करोगास निश्चितपणे कारणीभूत ठरणाऱ्या घटकांत, ठेवलेले आहे.

२०११ च्या निर्णयामागे १३ देशांत झालेल्या ‘इंटरफोन’ अभ्यासाचा मोठा वाटा होता. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मोबाइल वापरणाऱ्यांमध्ये एकंदरीत मेंदूच्या गाठी वाढलेल्या आढळल्या नाहीत. मात्र सर्वाधिक वापर सांगणाऱ्या एक दशांश लोकांत ग्लायोमा या गाठीचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी अधिक दिसले. रुग्णांना आपला जुना वापर आठवून सांगायचा होता, आणि काहींनी दिवसाला बारा-बारा तासांहून अधिक असा अशक्यप्राय वापर सांगितला होता. त्यामुळे संशोधकांनी स्वतःच या आकड्यावरून कार्यकारणभाव काढता येत नसल्याचे नमूद केले. त्यानंतरच्या वर्षांत मोबाइलचा वापर अफाट वाढला, पण ज्या देशांत कर्करोगाच्या नोंदी काटेकोरपणे ठेवल्या जातात तिथे मेंदूच्या गाठींचे प्रमाण त्या मानाने वाढले नाही. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या, ६३ अभ्यासांच्या पद्धतशीर आढाव्यातही मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध दिसून आला नाही.

अमेरिकेतील उंदरांवरील मोठ्या प्रयोगाचाही दाखला वारंवार दिला जातो. २०१८ साली पूर्ण झालेल्या त्या प्रयोगात मोठ्या जातीच्या नर उंदरांच्या हृदयात एका विशिष्ट प्रकारच्या गाठी वाढलेल्या दिसल्या, हे खरे आहे. परंतु त्या उंदरांच्या संपूर्ण शरीराला दररोज सुमारे नऊ तास, दोन वर्षे, किलोग्रॅममागे १.५ ते ६ वॅट इतके प्रारण दिलेले होते, म्हणजे जनतेसाठीच्या मर्यादेच्या वीस ते पंचाहत्तर पट. मादी उंदरांत आणि लहान जातीच्या उंदरांत तसा स्पष्ट परिणाम दिसला नाही, आणि प्रारण मिळालेले नर प्रारण न मिळालेल्या नरांपेक्षा अधिक काळ जगले. हा निष्कर्ष टाकाऊ नाही, पण त्यावरून गावच्या मनोऱ्याविषयी काही सांगता येत नाही.

डोकेदुखी, निद्रानाश, छातीत धडधड अशा तक्रारी मनोरा आल्यावर सुरू झाल्याचे सांगणारे रुग्ण माझ्याकडेही येतात, आणि त्यांचा त्रास खरा असतो हे मी आग्रहाने सांगतो. मात्र रुग्ण आणि परीक्षक या दोघांनाही लहरी चालू आहेत की बंद हे ठाऊक नसताना केलेल्या प्रयोगांत अशा व्यक्तींना त्यांचे अस्तित्व ओळखता आले नाही, आणि लहरी बंद असतानाही, त्या चालू आहेत असे वाटल्यास, त्रास झाला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात असे ४६ प्रयोग एकत्र तपासलेले आहेत. भीतीमुळे शरीर खरोखर आजारी पडू शकते. म्हणूनच कोणताही आधार नसलेली भयसूचक पत्रके वाटणे हे निरुपद्रवी काम नाही असे माझे स्पष्ट मत आहे, आणि लोकांच्या शंकांना एका वाक्यात वाटेला लावणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीचे वागणेही तितकेच अनुचित आहे.

ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी फोन त्यापासून सुमारे १५ सेंटिमीटर दूर ठेवावा. लांब बोलायचे असल्यास इअरफोन किंवा स्पीकर वापरणे हा सोपा आणि योग्य उपाय आहे.

पर्यावरण कार्यकर्ती, डिचोली

वरील दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत, तरीही माझा एक मूलभूत आक्षेप आहे आणि तो नोंदवणे मला आवश्यक वाटते. या साऱ्या मर्यादा माणसासाठी, आणि त्याही उष्णतेच्या परिणामावरून, ठरवलेल्या आहेत. मधमाशी, मुंगी, पक्षी, बेडूक यांच्यासाठी कोणतीही मर्यादा कोणी ठरवलेलीच नाही. माणसाच्या आकाराच्या देहात एखादी लहर जितकी शोषली जाते तितकीच ती कीटकात शोषली जाईल असे नाही, कारण तरंगलांबी आणि देहाचा आकार यांचा मेळ बसला की शोषण वाढते. २०१८ साली कीटकांच्या त्रिमितीय प्रतिकृतींवर केलेल्या गणनेत असे दिसले, की ६ गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरींचा वाटा वाढला तर कीटकांच्या शरीरात शोषली जाणारी ऊर्जा लक्षणीय वाढते. भारतात ५जी साठी २६ गिगाहर्ट्झचा पट्टाही दिलेला आहे, आणि त्याची तरंगलांबी सुमारे साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे मधमाशीच्या आकाराच्या जवळपास आहे.

‘हानी सिद्ध झालेली नाही’ आणि ‘हानी होत नाही हे सिद्ध झाले आहे’ ही दोन विधाने एक नव्हेत. अ‍ॅस्बेस्टॉसच्या बाबतीत पहिल्या विधानावर विसंबून जगाने अनेक दशके घालवली, आणि त्याची किंमत कामगारांनी मोजली. मी मनोऱ्याला सरसकट विरोध करीत नाही, परंतु पश्चिम घाटाच्या कुशीतील गावात निर्णय घेताना माणसाखेरीज इतर जीवांचा विचार व्हावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

पक्षी-निरीक्षक, दिवाडी

ताईंचा आक्षेप मला रास्त वाटतो, आणि इतर जीवांच्या बाजूने या विषयात जे आजवर हाती लागले आहे ते मी मांडतो, कारण त्यात काही अतिशय विलक्षण गोष्टी आहेत.

प्रथम चिमण्यांविषयी. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२० च्या अहवालात हजारो निरीक्षकांच्या नोंदींवरून असे दिसले, की देशभरात चिमणीची संख्या गेल्या पंचवीस वर्षांत एकंदरीत स्थिर राहिली आहे, आणि घट झाली आहे ती मुख्यतः मोठ्या महानगरांत. घरट्यांसाठी कौलारू घरांतील जागा नाहीशा होणे आणि पिल्लांना भरवण्यासाठी लागणारे कीटक कमी होणे ही कारणे त्यामागे असण्याची शक्यता अधिक आहे. मनोरे तर आता खेड्यापाड्यांतही पोहोचले आहेत, आणि तिथे चिमण्या आहेत.

मधमाश्यांच्या बाबतीत २००६-०७ च्या सुमारास अमेरिकेत पोळी ओस पडू लागल्यावर मोबाइलवर ठपका ठेवणाऱ्या बातम्या जगभर पसरल्या. त्या ज्या जर्मन प्रयोगावर आधारलेल्या होत्या त्यात मोबाइल मनोऱ्याचा संबंधच नव्हता. घरगुती बिनतारी दूरध्वनीचे तळ प्रत्यक्ष पोळ्याच्या आत ठेवलेले होते. पुढील संशोधनात व्हॅरोआ हा परजीवी कोळी, विषाणू, कीटकनाशके आणि फुलोऱ्याची टंचाई ही कारणे पुढे आली. २६ गिगाहर्ट्झविषयीची गणना मात्र गांभीर्याने घेण्यासारखी आहे. इतकेच लक्षात घ्यावे, की त्या पट्ट्यातील लहरी पानांनी आणि भिंतींनी सहज अडतात, त्यामुळे हा पट्टा गर्दीच्या शहरी जागांसाठी सोयीचा आहे. डोंगराळ गावातील मनोऱ्यावर त्याची शक्यता फार कमी आहे.

आता ज्या प्रयोगाने मला स्वतःला सर्वाधिक विचार करायला लावला तो सांगतो. जर्मनीतील ओल्डेनबुर्ग विद्यापीठात युरोपीय रॉबिन या स्थलांतर करणाऱ्या पक्ष्याला विद्यापीठाच्या आवारातील लाकडी खोल्यांत ठेवले असता त्याला दिशाच सापडेनाशी झाली. खोल्यांना आतून अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे लावून ते जमिनीशी विद्युतदृष्ट्या जोडताच त्याची दिशा पुन्हा अचूक झाली, आणि ती जोडणी काढली की ती पुन्हा हरवली. २०१४ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील विद्युतचुंबकीय गोंगाट इतका क्षीण होता, की माणसासाठीच्या कोणत्याही मर्यादेच्या तो कितीतरी खाली होता. उष्णतेचा इथे काडीमात्र संबंध नाही. पक्ष्याच्या डोळ्यातील क्रिप्टोक्रोम नावाच्या प्रथिनात प्रकाश पडला की इलेक्ट्रॉनांच्या एकमेकांशी निगडित जोड्या तयार होतात, आणि त्यांच्या अवस्थेवर पृथ्वीच्या अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्राचा परिणाम होतो, असे मानले जाते. या जोड्यांना बाहेरच्या लहरी विचलित करू शकतात. म्हणजे ‘उष्णता नाही तर परिणाम नाही’ हे विधान सर्व जीवांना लावता येत नाही, आणि या मुद्द्यावर ताईंचे म्हणणे बरोबर आहे.

पण कोणत्या लहरी? त्या प्रयोगात दोषी ठरल्या त्या ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील लहरी. त्यात विजेच्या उपकरणांचा गोंगाट आणि मध्यमलहरी रेडिओ येतो, मोबाइल येत नाही. त्याच क्षेत्रातील संशोधकांनी पुढे ७५ ते ८५ मेगाहर्ट्झवरही परिणाम होतो असे दाखवले, आणि १४० मेगाहर्ट्झच्या पुढच्या पट्ट्यांत तो होत नाही असेही दाखवले, जे सिद्धान्ताने वर्तवलेल्या वरच्या सीमेशी जुळते. मोबाइलच्या लहरी ७०० मेगाहर्ट्झच्या आसपास सुरू होतात. चोडणच्या डॉ. सालिम अली अभयारण्यात किंवा करमळीच्या तळ्यावर उतरणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांच्या दिशाज्ञानाला मनोऱ्यापासून धोका आहे, असे या पुराव्यावरून म्हणता येत नाही.

आणि आता मला मनापासून जे सांगायचे आहे ते. गोव्यात सजीवांना ज्या विद्युतचुंबकीय प्रारणाची बाधा होते हे निर्विवाद सिद्ध झाले आहे, ते डोळ्यांना दिसणारे आहे आणि त्याच्याविरुद्ध कोणी पत्रके वाटीत नाही. ते म्हणजे रात्रीचा कृत्रिम प्रकाश. मोरजी, आश्वे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. साधारण ४५ ते ६० दिवसांनी बाहेर पडणारी पिल्ले रात्री क्षितिजाची जी बाजू अधिक उजळ आणि खालची दिसते तिकडे धावतात. लक्षावधी वर्षे ती बाजू समुद्राचीच असे. आज ती शॅक, हॉटेल किंवा रस्त्याची असते, आणि चुकलेले पिल्लू दमते, वाळते, कुत्र्या-कावळ्यांच्या तोंडी जाते. निळसर-पांढरा एलईडी दिवा यात सर्वांत घातक आहे, कारण पिल्लांची दृष्टी कमी तरंगलांबीच्या प्रकाशाला अधिक संवेदनशील असते. सुमारे ५६० नॅनोमीटरच्या पुढचा पिवळसर-तांबडा प्रकाश त्यांना त्या मानाने कमी भुलवतो. वन खाते घरट्यांना जाळ्या लावून आणि राखण ठेवून जे करते ते मोलाचे आहे, पण जाळीतून सुटलेल्या पिल्लाला समुद्र कुठे आहे हे त्याच्या डोळ्यांनीच सांगायचे असते.

पावसाच्या तोंडावर घाटात झाडेच्या झाडे उजळवणाऱ्या काजव्यांचेही असेच आहे. नराच्या लुकलुकीला मादीने उत्तर द्यायचे असते, आणि प्रखर दिव्याखाली ती साद एकमेकांना दिसतच नाही. माणूसही यातून सुटलेला नाही. ४६० ते ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश रात्री डोळ्यांत गेला की मेलाटोनिन या झोपेशी संबंधित संप्रेरकाचे स्रवण दबते आणि झोपेचे चक्र बिघडते, हे वारंवार दाखवले गेले आहे. ज्यांना मनोऱ्यामुळे झोप येत नाही असे वाटते, त्यांनी उशाशी असलेल्या फोनच्या लहरींआधी त्याच्या पडद्याचा प्रकाश पाहावा.

कृषी पदवीधर, सांगे

माडांविषयी थोडक्यात लिहितो. बोंडे गळण्याची कारणे बहुतेक वेळा बागेतच सापडतात: पाण्याचा ताण, बोरॉन किंवा पालाशची कमतरता, परागीभवनातील उणीव, बुरशी, आणि इरिओफाइड कोळी. हा कोळी भारतात प्रथम १९९८ साली केरळात आढळला आणि तिथून किनारपट्टीभर पसरला. मोबाइलही नेमका त्याच काळात पसरला. दोन गोष्टी एकाच काळात घडल्या की लोकांच्या मनात त्यांची सांगड बसते, हे स्वाभाविक आहे. फळाच्या देठाजवळील टोपीखाली पांढरट त्रिकोणी डाग दिसत असतील आणि पुढे ते तपकिरी होऊन साल तडकत असेल, तर ते काम कोळ्याचे आहे. याउलट शेंड्याची पाने कात्रीने कापल्यासारखी त्रिकोणी दिसत असतील तर गेंडा भुंगा शोधावा. शंका असल्यास जुने गोवे येथील एला भागातील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत नमुना नेऊन दाखवावा. मनोऱ्याला दोष देत बसल्यास खऱ्या रोगावरचा उपाय लांबतो आणि नुकसान वाढते, याची मला अधिक काळजी वाटते.

कुळागरकार, काणकोण

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. पक्षी-निरीक्षक महोदयांनी प्रकाशाविषयी जे लिहिले त्याचा आमच्या गावात आजवर कोणी विचारच केलेला नव्हता. आता एकच विचारतो. ग्रामसभेने मनोऱ्याला मान्यता द्यायची ठरवल्यास कोणत्या अटी घालणे शास्त्राला धरून होईल? केवळ ‘किरणोत्सर्ग नको’ अशी अट घालण्यात अर्थ नाही, हे आता उमगले आहे.

निवृत्त भौतिकी अध्यापक, म्हापसा

जागेविषयी आग्रह धरावा. अँटेनाची उंची, प्रत्येक झोताची दिशा, खाली झुकवण्याचा कोन आणि दिली जाणारी शक्ती ही माहिती कंपनीकडून लेखी मागून घ्यावी आणि गावच्या नकाशावर मांडावी. उतारावरचे एखादे घर, अंगणवाडी किंवा शाळा झोताच्या उंचीवर आणि जवळ येत असेल, तर दिशा किंवा उंची बदलून घेता येते. मनोरा चालू होण्यापूर्वी आणि चालू झाल्यानंतर, त्याच त्या ठिकाणी, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी मोजणी व्हावी आणि अहवाल पंचायतीच्या फलकावर लागावा, अशी अट घालावी. त्या अहवालात मोजलेला आकडा आणि त्या वेळी लागू असलेली मर्यादा हे दोन्ही एककांसह असले पाहिजेत. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर आसपासच्या मनोऱ्यांची माहिती पाहता येते, आणि शुल्क भरून एखाद्या ठिकाणाच्या मोजणीची मागणीही नागरिकाला करता येते. कार्यकर्ती ताईंच्या आक्षेपाचा मान राखायचा तर पुढे नवे पट्टे किंवा नव्या अँटेना बसवताना पंचायतीला आधी कळवून पुन्हा मोजणी करण्याचे बंधनही त्यात असावे.

पक्षी-निरीक्षक, दिवाडी

यात तीन अटींची आणि एका सूचनेची भर घालतो. मनोऱ्याच्या आवारात रात्रभर जळणारा प्रखर पांढरा दिवा लावू देऊ नये. सुरक्षेसाठी दिवा हवाच असेल तर तो पिवळसर असावा, त्याचे तोंड खाली असावे, त्यावर झाकण असावे आणि माणूस जवळ आल्यावरच तो लागावा. मनोऱ्यापर्यंत जाण्यासाठी रानातून नवा रस्ता काढू देऊ नये, असलेली पायवाटच वापरावी. डिझेल जनित्राऐवजी बॅटरी आणि सौर पटल यांची व्यवस्था मागावी, कारण जनित्राचा आवाज, धूर आणि सांडणारे तेल यांचा बागेच्या वरच्या अंगाच्या झऱ्यावर परिणाम होऊ शकतो. आपल्या मधमाश्यांच्या पेट्यांची नोंद मनोरा येण्याआधीपासूनच ठेवायला लागावे: कोणत्या पेटीत किती चौकटी भरल्या, कोणता फुलोरा होता, पाऊस कधी लागला, फवारणी कोणी आणि कधी केली. मनोऱ्यापासून लांबच्या एखाद्या शेजाऱ्यालाही तशीच नोंद ठेवण्याची विनंती करावी. दोन-तीन हंगामांनंतर त्या वह्या शेजारी ठेवून पाहता येतील, आणि त्या आपण इथे मांडल्यात तर त्या वाचायला मी उत्सुक आहे.